कमी वॅटचा गिटार अ‍ॅम्प कसा निवडावा: गोव्यात लाइव्ह वाजवणाऱ्यांसाठी

गोव्यात गिटार वाजवून चार पैसे मिळवणाऱ्याचा आठवडा एका जागी जात नाही. आज मोरजीचा शॅक, उद्या मडगावकडचा लग्नाचा हॉल, परवा पणजीतला छोटा कॅफे, आणि चवथीच्या दिवसांत सार्वजनिक गणपतीपुढचा ऑर्केस्ट्रा. जागा बदलते, ऐकणारे बदलतात, पण गिटारवाल्याला सगळीकडे एकच वाक्य ऐकावं लागतं: "जरा कमी कर."

काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा मोठा ट्यूब अ‍ॅम्प कमी केला की त्याचा जीव जातो. ५० किंवा १०० वॅटच्या अ‍ॅम्पचा आवाजाचा खटका (फिरवायचं बटण) दोनवर ठेवला, तर पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणाऱ्या ट्यूब) जेमतेम जाग्या होतात, स्पीकरचा कागद धड हलत नाही, आणि ज्या सुरासाठी एवढे पैसे मोजले तो सूर लागतच नाही. त्या जागी १५ वॅटचा अ‍ॅम्प पाच-सहावर ठेवून वाजवा. आवाज प्रेक्षकांना सोसेल एवढाच राहतो आणि गिटार बोलू लागते. गोव्यातल्या जवळजवळ सगळ्या कामांना ५ ते २२ वॅट पुरतात असं माझं ठाम मत आहे. मात्र त्या पट्ट्यातला नेमका कोणता अ‍ॅम्प घ्यायचा, हे ठरवायला एक क्रम आहे. तो उलटा केला, म्हणजे आधी ब्रँड पसंत केला आणि मग जागेचा विचार केला, तर पैसे वाया जातात.

हे सगळं इलेक्ट्रिक गिटारपुरतं आहे. बास आणि कीबोर्ड यांना याच्या कितीतरी पट ताकद लागते. ते लहान गिटार अ‍ॅम्पमधून वाजवू नयेत, स्पीकर फाटतो.

पहिली पायरी: जागांची यादी

कागद घ्या आणि गेल्या सीझनमध्ये जिथे जिथे वाजवलं त्या जागा लिहून काढा. प्रत्येक जागेपुढे तीन गोष्टी लिहा: जागा उघडी की बंद, ड्रम्स होते की काहोन (बसून हातांनी वाजवायचा लाकडी खोका), आणि गिटारला माइक लावण्याइतका मिक्सर होता का. पुढचा सगळा निर्णय या तीन उत्तरांवर ठरतो.

किनाऱ्यावरचा शॅक तिन्ही बाजूंनी उघडा असतो. वर झावळ्या, खाली वाळू. आवाज परत फेकणारी भिंतच नसते, त्यामुळे गिटार अंगावर येत नाही आणि वाजवणाऱ्याला वाटतं की आपला अ‍ॅम्प कमी पडतोय. लग्नाच्या हॉलमध्ये बरोबर उलटं. फरशी, काच, उंच छत. तिथे ५ वॅटसुद्धा घुमतात. तियात्रात, म्हणजे गोव्यातल्या कोंकणी संगीत-नाटकात, वादक स्टेजच्या पायथ्याशी बसतात, शेजारी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन असतात, आणि समोर कांताराचे (त्यातल्या गाण्याचे) शब्द ऐकायला आलेला माणूस असतो. शब्द बुडाला तर त्याच्यासाठी सगळंच बुडालं. तिथे गिटारचं काम स्वच्छ, आखूड कॉर्ड्स देण्याचं. कला अकादमीसारख्या सभागृहात किंवा साखळी, मडगावच्या रवींद्र भवनात साउंडवाला सगळं मिक्सरमधून घेतो. तिथे अ‍ॅम्पने फक्त तुमच्यापर्यंत आणि माइकपर्यंत पोचायचं असतं.

यादीत कायदाही धरा. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धक आणि वाद्यं उघड्यावर वाजवता येत नाहीत. सभागृह, बँक्वेट हॉल अशा बंदिस्त जागांना सूट आहे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. व्यापारी भागात दिवसाची मर्यादा ६५ डेसिबल, निवासी भागात ५५. रात्री अनुक्रमे ५५ आणि ४५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिवर्धकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतला जो आकडा कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. हे आकडे आता गिटारच्या हिशोबात कसे बसतात ते पाहू.

दुसरी पायरी: वॅटचा हिशोब डेसिबलमध्ये करा

१०० वॅट म्हणजे ५० वॅटच्या दुप्पट मोठा आवाज, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि तो फरक कानाला कळतो, पण थोडाच. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. १० वॅटच्या अ‍ॅम्पपेक्षा दुप्पट मोठं वाजायचं असेल तर १०० वॅट हवेत.

आता एक उदाहरण घेऊ. स्पीकरवर ९८ डेसिबल अशी संवेदनशीलता लिहिली असेल, तर १ वॅट दिल्यावर १ मीटरवर ९८ डेसिबल मिळतात. त्याच स्पीकरला ५ वॅट दिले तर सुमारे १०५, १५ वॅटला ११०, ५० वॅटला ११५ आणि १०० वॅटला ११८. पाच वॅट आणि शंभर वॅट यांच्यात अंतर आहे ते एवढंच, १३ डेसिबलचं.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे १५ वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण ताकदीने वाजत असेल, तर ४ मीटरवरच्या टेबलाशी ९८ डेसिबल आणि ८ मीटरवर ९२. ७५ डेसिबलपर्यंत उतरायला त्याला पन्नास मीटरहून जास्त अंतर लागतं. १ वॅटलाही सुमारे १४ मीटर लागतात. कुठल्या शॅकची हद्द स्टेजपासून पन्नास मीटरवर असते? हा ढोबळ हिशोब आहे. वारा, लाटांचा आवाज, मोजण्याची पद्धत यांनी आकडा हलतो. तरी त्यातून एवढं स्पष्ट होतं की पंधरा वॅटसुद्धा पूर्ण उघडायची संधी गोव्यात क्वचितच मिळते. मग पन्नास वॅट कशासाठी उचलायचे?

कानांचाही विचार करा. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये ८ तास सुरक्षित धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. सीझनमध्ये आठवड्यातून चार-पाच रात्री तीन-तीन तास वाजवणाऱ्याने हे आकडे मनावर घ्यायलाच हवेत. कानात एकदा शिट्टी वाजू लागली की ती सहसा जात नाही.

तिसरी पायरी: स्पीकर बघा, मग अ‍ॅम्प

वरच्या हिशोबात वॅटइतकंच महत्त्व स्पीकरच्या आकड्याला आहे, आणि दुकानात त्याबद्दल कोणी विचारत नाही. सेलेस्टियन कंपनीच्या ग्रीनबॅक स्पीकरची संवेदनशीलता ९८ डेसिबल आहे आणि व्हिंटेज ३० ची १००. त्याहून कमी, ९५ च्या आसपासचे स्पीकरही लहान अ‍ॅम्पमध्ये येतात. ९५ च्या जागी ९८ चा बसवला तर १५ वॅटचा अ‍ॅम्प ३० वॅटसारखा मोठा होतो. वीज तेवढीच, वजन जवळजवळ तेवढंच.

म्हणून आवाज कमी पडतोय असं वाटलं तर आधी स्पीकर बदलण्याचा विचार करा. बदलताना दोन गोष्टी सांभाळा. ओहमचा (विद्युत अवरोधाचा) आकडा अ‍ॅम्पच्या मागे लिहिलेला असतो तोच हवा, ८ ला ८, १६ ला १६. आणि स्पीकर झेलू शकतो ते वॅट अ‍ॅम्पच्या वॅटपेक्षा बरेच जास्त असावेत, कारण १५ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प आवाज फाटेपर्यंत (डिस्टॉर्शन येईपर्यंत) ढकलला की १५ च्या वर जातो. २५ वॅटचा ग्रीनबॅक त्याला पुरतो.

लहान अ‍ॅम्पमध्ये १० इंची स्पीकरही येतो आणि १२ इंचीही. एकट्या गायकाबरोबर, काहोनबरोबर १० इंची चालतो. पूर्ण ड्रमसेट असेल तर मी १२ इंचीच घेईन. खालच्या तारांना अंग येतं. ८ आणि ६ इंची स्पीकर घरच्या रियाजाला ठेवा. अ‍ॅम्पची पाठ उघडी असेल तर आवाज मागेही जातो, त्यामुळे ड्रमरला गिटार ऐकू येते. लहान स्टेजवर याचा फार उपयोग होतो.

चौथी पायरी: तुम्हाला किती "क्लीन" हवा?

कमी वॅटच्या अ‍ॅम्पची खरी मर्यादा इथे आहे. आवाज पुरतो, स्वच्छ आवाज पुरेलच असं नाही. ट्यूब अ‍ॅम्प त्याच्या वॅटच्या जवळ पोचला की हळूहळू फाटायला लागतो. ब्लूज, रॉक वाजवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. पण कोंकणी गाणी, जुनी हिंदी गाणी, लग्नातला वॉल्ट्झ, जॅझ, मराठी ऑर्केस्ट्रातल्या फिल्मी कॉर्ड्स यांत पाच-सहा सुरांची कॉर्ड फाटली तर तिचा चिखल होतो.

तेव्हा स्वतःला विचारा: रात्रभरात क्लीन किती वाजवता आणि समोर ड्रमसेट आहे की नाही? जोरात वाजवलेला ड्रमसेट माइकशिवाय १०० डेसिबलच्या वर सहज जातो. काहोन, घुमट, ब्रशने वाजवलेले ड्रम्स त्याच्या बरेच खाली राहतात.

क्लीन भरपूर आणि ड्रमसेटही, असं असेल तर ट्यूबमध्ये २२ वॅट ही माझ्या लेखी खालची मर्यादा. क्लीन हवा पण ड्रमर नाही, तर १२ ते १५ पुरतात. फाटलेला सूरच मुख्य असेल तर ५ ते १५. सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांची कंपनं पकडणारा भाग) गिटार असेल तर अ‍ॅम्प थोडा जास्त वेळ स्वच्छ राहतो. हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, लवकर फाडतो.

पहिल्या प्रीअ‍ॅम्प ट्यूबची (गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणाऱ्या ट्यूबची) अदलाबदल हा इथला स्वस्त उपाय. बहुतेक अ‍ॅम्पमध्ये १२एएक्स७ असते आणि तिचा गुणक (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) १०० धरतात. तिथे १२एटी७ लावली तर ६०, १२एवाय७ लावली तर सुमारे ४४. खटक्याचा प्रवास लांबतो आणि क्लीन जास्त वेळ टिकतो. पॉवर ट्यूबची कमाल ताकद यामुळे वाढत नाही, हे लक्षात ठेवा. ट्यूब बदलताना अ‍ॅम्प बंद, प्लग बाहेर, आणि काचा थंड झालेल्या हव्यात. आतली पेटी मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज राहू शकतो.

पाचवी पायरी: ट्यूब, ट्रान्झिस्टर की डिजिटल

आता ब्रँडची नावं घ्यायला हरकत नाही.

फेंडर ब्लूज ज्युनियर हा १५ वॅटचा, दोन ईएल८४ ट्यूबचा, १२ इंची स्पीकरचा अ‍ॅम्प. वजन १४ किलोच्या आसपास, म्हणजे स्कूटरच्या पायाशी ठेवून नेता येतो. बार, कॅफे, शॅक यांच्यासाठी उत्तम. त्यात इफेक्ट्स लूप (प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर ट्यूब यांच्यामध्ये पेडल जोडायची सोय) नाही, हे घेण्याआधी माहीत असू द्या. व्हॉक्सचा एसी१५ सुद्धा ईएल८४ वरच चालतो. मूळ डिझाइन १९५८ सालचं. त्याचा वरचा सूर झगमगीत, कॉर्ड्सना फार शोभतो. पण २२ किलोंच्या आसपास वजन आहे, स्कूटरवाल्याने विचार करावा. फेंडर प्रिन्स्टन रिव्हर्बची ताकद १२ वॅट आणि स्पीकर १० इंची. ड्रमर नसलेल्या जागी त्याच्याइतका गोड अ‍ॅम्प मला दुसरा माहीत नाही. डिलक्स रिव्हर्ब म्हणजे २२ वॅट, दोन ६व्ही६ ट्यूब, १२ इंची स्पीकर, १९ किलो. ड्रमसेटबरोबर क्लीन वाजवणाऱ्यासाठी ट्यूबमधली माझी पहिली शिफारस हीच. तुलनेसाठी सांगतो, ८५ वॅटचा ट्विन रिव्हर्ब २९ किलोंचा आहे; वॅटच्या हिशोबाने तो डिलक्सपेक्षा फक्त ६ डेसिबल पुढे.

जड रॉक वाजवत असाल तर मार्शल डीएसएल२० बघा. २० वरून १० वॅटवर उतरवता येतो, इफेक्ट्स लूप आहे आणि मिक्सरला थेट जोडायची सोयही आहे.

ट्रान्झिस्टर आणि डिजिटल अ‍ॅम्पमध्ये वॅटचा आकडा वेगळ्या तऱ्हेने वाचायचा. क्लीन असेपर्यंत १५ वॅट ते १५ वॅटच, ट्यूब असो वा ट्रान्झिस्टर. फरक मर्यादेपाशी येतो. ट्यूब हळूवार फाटते आणि ते फाटणं कानाला आवडतं, म्हणून तिची मर्यादेपलीकडची ताकदही वापरता येते. ट्रान्झिस्टर मर्यादेवर आपटतो आणि कर्कश होतो, त्यामुळे त्याला आधीच थांबवावं लागतं. म्हणून १५ वॅट ट्यूबच्या जागी ट्रान्झिस्टरमध्ये ४०-५० वॅट घ्यायचे.

रोलँडचा जेसी-४० हा ४० वॅटचा, दोन १० इंची स्पीकरचा अ‍ॅम्प. १९७५ च्या जेसी-१२० चा धाकटा भाऊ, क्लीन आणि कोरससाठी सुरेख. बॉस कटाना ५० मध्ये अर्धा, २५ आणि ५० वॅट असे तीन टप्पे आहेत, वजन १२ किलोंच्या आत. पहिला लाइव्ह अ‍ॅम्प घेणाऱ्या मुलामुलींना मी कटानाच सांगतो. ट्यूब नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांकडे त्यांनी लक्ष देऊ नये. फेंडरचा टोन मास्टर डिलक्स रिव्हर्ब डिजिटल आहे: १० किलोंच्या थोडा वर, मागच्या खटक्याने पूर्ण ताकदीपासून ०.२ वॅटपर्यंत उतरतो, आणि मिक्सरसाठी थेट आउटपुट देतो. आज शॅक, उद्या हॉल असं करणाऱ्याला हा सगळ्यात सोयीचा.

जिथे विजेचाच भरवसा नाही अशा जागी, म्हणजे किनाऱ्यावर किंवा बाजारात उघड्यावर वाजवायचं असेल, तर बॅटरीवरचा बॉस क्यूब स्ट्रीट ईएक्स आहे. ५० वॅट, आठ पेन्सिल सेल, आणि गायकाचा माइकही त्यातच लागतो.

सहावी पायरी: घेण्याआधी वाजवून बघा, पण नीट

दुकानात बसून हळू वाजवलेला अ‍ॅम्प काहीच सांगत नाही. स्वतःची गिटार न्या. तुम्ही क्लीनमध्ये जी सगळ्यात दाट कॉर्ड वाजवता ती निवडा, आणि खटका एकेक घर वर नेत ती वाजवत राहा. ज्या घरावर कॉर्डमधला मधला सूर ओळखू येईनासा होतो, ती तुमची क्लीनची मर्यादा. मग तीन-चार मीटर दूर जाऊन दुसऱ्या कोणाला तेच वाजवायला सांगा. दूर उभं राहून ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानात जमत नसेल तर बँडच्या रियाजाला अ‍ॅम्प आणून द्या म्हणावं; ओळखीचा दुकानदार सहसा नाही म्हणत नाही.

जुना अ‍ॅम्प घेत असाल तर आणखी थोडं. रिव्हर्ब (घुमाऱ्याचा परिणाम) शून्यावर ठेवून अ‍ॅम्पच्या डोक्यावर हलकी थाप मारा. ट्यूब सैल झालेली असेल तर स्पीकरमधून घंटीसारखा आवाज येतो. प्रत्येक खटका पूर्ण फिरवा. खरखर आली तर फार चिंता नको, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. सतत घरघर येत असेल तर मात्र जुने कपॅसिटर संपलेले असू शकतात, तो खर्च किमतीतून वजा करा. वीसेक मिनिटं चालू ठेवून पुन्हा वाजवा. गरम झाल्यावर आवाज पडत असेल तर घेऊ नका.

मागची पाटी वाचल्याशिवाय व्यवहार पुरा करायचा नाही. हरमल, हणजूण भागात सीझन संपताना बाहेरचे वादक कधी कधी सामान विकून जातात. युरोपातून आलेला अ‍ॅम्प २३० व्होल्टचा असतो, आपल्याकडे चालतो. अमेरिकेतला १२० व्होल्टचा आणि जपानमधला १०० व्होल्टचा आपल्या प्लगला थेट लावला तर जळतो. त्यांना उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो स्वतःच काही किलोंचा असतो. वजन वाचवायला लहान अ‍ॅम्प घेतला आणि ट्रान्सफॉर्मर वागवत बसलो, तर साधलं काय?

सातवी पायरी: स्टेजवर कुठे आणि कसा ठेवायचा

गिटारच्या स्पीकरमधून वरचे सूर सरळ रेषेत, टॉर्चच्या झोतासारखे जातात. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवून त्याच्यापुढे उभे राहिलात तर तो झोत तुमच्या गुडघ्यांना लागतो आणि समोरच्या टेबलावरच्या माणसाच्या कानात शिरतो. तुम्हाला आवाज मंद वाटतो, म्हणून तुम्ही ट्रेबल वाढवता आणि तो माणूस उठून जातो. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलवून तोंड तुमच्या कानाकडे करा. लहान अ‍ॅम्प पुरेसा वाटू लागतो तो बहुतेक वेळा एवढ्याच बदलाने. लाकडी पोकळ स्टेजवर जमिनीपासून उचलला की खालचा घुमाराही जातो. शॅकमध्ये वाळूवर ठेवायची वेळ आली तर खाली फळी हवीच.

हॉलमध्ये प्रेक्षकांपर्यंत पोचवण्याचं काम मिक्सरचं. शुअर एसएम५७ हा त्यासाठी नेहमीचा माइक. मोबाइलचा टॉर्च जाळीवर टेकवा. कापडामागे स्पीकर दिसतो, मधोमध गोल टोपी दिसते. त्या टोपीच्या कडेवर, जिथे टोपी संपते आणि कागद सुरू होतो, तिथे माइकचं तोंड आणा, जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर. टोपीच्या मध्याकडे सरकवला तर आवाज धारदार होतो, बाहेर सरकवला तर मऊ. एका बोटाच्या अंतराने केवढा फरक पडतो ते हेडफोन लावून ऐकून बघा. सूर सापडला की जाळीवर चिकटपट्टीचा लहान तुकडा लावून ठेवा. दुसऱ्या दिवशी नव्या जागी साउंडवाल्याला समजावत बसावं लागत नाही.

माइक नसेल तर थेट आउटपुट. पण ते स्पीकरची नक्कल करणारं असावं. साध्या प्रीअ‍ॅम्प आउटपुटमधून फाटलेली गिटार पीएवर (प्रेक्षकांसाठीच्या मोठ्या स्पीकरवर) गेली तर मधमाश्यांच्या थव्यासारखी गुणगुणते. ट्यूब अ‍ॅम्पचा स्पीकर काढून फक्त आउटपुट वापरायचं, असं कधीही करू नका. स्पीकर किंवा लोड न जोडता चालवलेल्या ट्यूब अ‍ॅम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो सगळ्यात महाग भाग.

सोलोची अडचण लहान अ‍ॅम्पवाल्या प्रत्येकाला येते. अ‍ॅम्प आधीच फाटत असेल, तर समोर बूस्ट पेडल दाबल्यावर आवाज मोठा होत नाही, फक्त आणखी फाटतो. दोन उपाय आहेत. अ‍ॅम्पमध्ये लूप असेल आणि फाटणं प्रीअ‍ॅम्पचं असेल, तर बूस्ट लूपमध्ये लावा. लूप नसेल तर अ‍ॅम्प सोलोच्या पातळीला जुळवा आणि रिदमसाठी गिटारचाच खटका सातवर आणा. सूर आपोआप स्वच्छ होतो. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण त्यात हात गिटारवरच राहतो. माइक असेल तर साउंडवाल्याला सोलोच्या जागा आधी सांगून ठेवा, म्हणजे तो फेडर वर घेतो.

आठवी पायरी: वीज

शॅकची वायरिंग तात्पुरती असते, जनरेटर कधी लागेल सांगता येत नाही, आणि अर्थिंग आहे असं सांगितलं तरी असतंच असं नाही. बॅगेत एक साधा मल्टिमीटर ठेवा. प्लग लावण्याआधी सॉकेट मोजा: २०७ ते २५३ व्होल्टमध्ये असेल तर लावा. जनरेटरवर आकडा वर-खाली नाचत असेल तर ट्यूब अ‍ॅम्प लावू नका. निदान स्टॅबिलायझर मध्ये घाला. जास्त व्होल्टेजवर ट्यूब लवकर मरतात.

मग गिटार अ‍ॅम्पला जोडा, सगळं चालू करा, आणि गायनाच्या माइकला तोंड लावण्याआधी मीटर एसीवर ठेवून एक टोक तारांना, दुसरं माइकच्या जाळीला लावा. शून्याच्या आसपास आकडा हवा. तिथे पन्नास-शंभर व्होल्ट दिसले तर गाऊ नका, ओठांना झटका बसेल, आणि खाली वाळू ओली असेल तर तो जीवावर बेतू शकतो. अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या, अर्थिंग तपासायला लावा, मग पुन्हा मोजा. घरघर येते म्हणून प्लगची तिसरी पिन काढणारे अजूनही भेटतात. त्यांना थांबवा. घरघर घालवायला डीआय बॉक्सवर (सिग्नल मिक्सरला जोडणाऱ्या पेटीवर) ग्राउंड लिफ्टचा खटका असतो, तो वापरा.

कमी वॅटच्या अ‍ॅम्पचे फ्यूज लहान, स्वस्त आणि बॅगेत मावणारे असतात. मागे लिहिलेल्या आकड्याचेच दोन-तीन बाळगा, जास्त आकड्याचा घालू नका. एक जादा १२एएक्स७ आणि पॉवर ट्यूबची जुळवलेली जोडीही ठेवा. एसी१५ सारख्या कॅथोड बायसच्या (ट्यूबमधला स्थिर प्रवाह, म्हणजे बायस, आपोआप जुळवणाऱ्या) अ‍ॅम्पमध्ये नवी जोडी सरळ बसवता येते. डिलक्स रिव्हर्बमध्ये बायस तपासून घ्यावा लागतो, ते जाणकाराकडून करून घ्या.

पावसाळ्याची सोय

मे अखेर शॅक उतरतात आणि अ‍ॅम्प घरी येतो. गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत तीन-साडेतीन महिने कोपऱ्यात पडलेला अ‍ॅम्प चवथीला बाहेर काढला की त्याचे जॅक हिरवे झालेले असतात, कापडावर बुरशी धरलेली असते आणि खटके खरखरतात. सीझन संपताच जॅक आणि ट्यूबचे पाय कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा, स्पीकरच्या कागदाला हात लावू नका. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका, आत ओल साचते. सुती कव्हर घाला, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उंच ठेवा. पंधरवड्यातून एकदा वीज स्थिर असताना अर्धा तास चालू करून वाजवा. ट्यूबच्या उष्णतेने आतली ओल निघून जाते. मेघगर्जना सुरू झाली की प्लग काढून ठेवा, नुसता स्विच बंद करून भागत नाही.